व्यसनमुक्ती संस्थेवर विश्वस्त म्हणून जाताना

"अक्का, तुम्ही बँकेतून रिटायर झालात, आता आमच्या मंडळावर या की." एवढ्याच बोलण्यावर मी एका व्यसनमुक्ती संस्थेची विश्वस्त झाले. चहा संपायच्या आत सही करून मोकळी. सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत असंच बोलावणं येऊन पुष्कळ जण अशा संस्थांवर जातात. कुणी डॉक्टर, कुणी निवृत्त गुरुजी, कुणी स्वतः दारू सोडून दहा वर्षं झालेले. सही कुठं करायची ते सगळे दाखवतात. सहीनंतर काय करायचं, ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. नव्यानं जाणाऱ्यांसाठी म्हणून ते इथं लिहिते आहे.

शाळा, वाचनालय किंवा देवस्थानाच्या मंडळावर तुम्ही काम केलेलं असेल, तर तो अनुभव इथं निम्माच कामाला येतो. शाळेत काही चुकलं तर पालक येऊन जाब विचारतात. देवस्थानात चुकलं तर गाव बोलतं. व्यसनमुक्ती केंद्रात आतला माणूस तक्रार करतो, तेव्हा मात्र त्याच्यावर कुणाचाच विश्वास नसतो. घरचे म्हणतात, "त्याचं काय ऐकता, जन्मभर खोटंच बोलला." व्यवस्थापक म्हणतो, "दारू तुटली की असंच बडबडतात." आणि नशेतला माणूस खोटं बोलतो हेही खरं आहे. पण त्याला कुणी मारलं, तर तेही तो त्याच तोंडानं सांगणार ना? ते ऐकून घेणं आणि तपासणं ज्याच्या वाट्याला येतं, तो विश्वस्त. पुढचं सगळं मी याच नजरेनं लिहिलं आहे, अगदी ऑडिटबद्दलसुद्धा.

हो म्हणण्याआधी

चार कागद मागून घ्या आणि घरी बसून वाचा.

पहिला म्हणजे संस्थेची घटना, म्हणजे नियमावली. विश्वस्त किती, मुदत किती वर्षांची, निवडणूक कशी, कोरम किती (म्हणजे बैठकीला किमान किती जण हवेत), बँकेत सह्या कुणाच्या, हे सगळं त्यात असतं. मंडळातल्या निम्म्या भांडणांचं उत्तर घटनेत असतं आणि ती कपाटात असते.

दुसरा म्हणजे धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट 1 चा उतारा. आपल्याकडे बहुतेक संस्थांची नोंदणी दुहेरी असते. एक 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली, ज्याला किमान सात सभासद लागतात, आणि दुसरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली. लेटरहेडवर म्हणून दोन क्रमांक छापलेले दिसतात, त्यातला एक 'एफ' या अक्षरानं सुरू होतो. उताऱ्यावर आजच्या घडीला कायदेशीर विश्वस्त कोण, त्यांची नावं असतात. ती लेटरहेडवरच्या नावांशी ताडून पाहा. वारलेल्या माणसाचं नाव उताऱ्यावर तसंच असतं, आणि पाच वर्षं बैठकांना येणाऱ्याचं नाव तिथं चढलेलंच नसतं, असं सर्रास होतं. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत फेरफार अर्ज, म्हणजे ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात तो, दाखल करावा लागतो. मागचे चेंज रिपोर्ट अडकलेले असतील तर तुमचाही अडकणार. हो म्हणण्याआधी हे विचारायला संकोच करू नका.

तिसरा कागद मागच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल. त्यांच्याबद्दल पुढं सविस्तर बोलू.

चौथा कागद नवे लोक मागतच नाहीत, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा: केंद्राची मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 खालची नोंदणी. या कायद्यानं मानसिक आजाराची जी व्याख्या केली आहे, तिच्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. रुग्णांना ठेवून घेऊन उपचार करणाऱ्या केंद्राला म्हणूनच राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय केंद्र चालवलं तर पहिल्या वेळी 5,000 ते 50,000 रुपये दंड आहे, दुसऱ्यांदा 2 लाखांपर्यंत, त्यापुढं 5 लाखांपर्यंत. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. "फाइल मुंबईला गेलीय" हे उत्तर मिळालं तर कधी गेली, पोच कुठाय, ते विचारा. समाजसेवा करतोय म्हणून कायदा सवलत देईल असं मानणारी चांगली माणसं मी पाहिली आहेत. तो देत नाही.

शेवटी एक प्रश्न स्वतःला विचारा. तुमच्या मेहुण्याचं किराणा दुकान केंद्राला माल देतं का? केंद्राची इमारत तुमच्या भावकीतल्या कुणाची आहे का? असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पहिल्याच बैठकीत सांगा, इतिवृत्तात लिहून घ्या आणि तो विषय निघाला की खोलीबाहेर जा. दोन वर्षांनी दुसऱ्या कुणी सांगितलं, तर तोच व्यवहार पाप होऊन बसतो.

पहिल्या महिन्यात केंद्रात जा

बैठक अध्यक्षांच्या ऑफिसात होते, नवी पेठेत नाहीतर सात रस्त्याला. केंद्र असतं शहराबाहेर. वर्षातून एकदा, 26 जानेवारीला झेंडावंदनापुरतं केंद्र पाहिलेले विश्वस्त मला माहीत आहेत. त्या दिवशी फरशी पुसलेली असते आणि जिलेबी असते.

तुम्ही साध्या दिवशी जा. संध्याकाळी सातच्या सुमारास, जेवणाच्या आधी. कोणत्याही विश्वस्ताला कधीही येता येईल असा ठराव मंडळात करून घ्या, म्हणजे व्यवस्थापकाला तो अविश्वास वाटत नाही आणि तुम्हालाही चोरासारखं जावं लागत नाही. भाजीत काय आहे ते पाहा, त्यांच्या पंगतीतच जेवा. संडासाला आतून कडी आहे का ते पाहा. रात्री ड्युटीवर कोण असतं आणि डॉक्टरचा नंबर भिंतीवर लिहिलाय का, ते पाहा.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी अशाच एका भेटीत एक तरुण, चादरीच्या कारखान्यात कामाला असलेला, माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, घरी एक फोन लावून द्या की. पंधरा दिवस झाले, लावू देईनात." मी व्यवस्थापकाला विचारलं. ते म्हणाले, "फोन दिला की बायकोला रडून दाखवतो आणि ती घेऊन जाते. अनुभव आहे मॅडम." मला ते पटलं. माणूस शहाणा, अनुभवी, वर बोलण्यात कळकळ. मी घरी आले. दोन महिन्यांनी त्याची बायको भेटली, तेव्हा कळलं की त्या पंधरवड्यात त्यांचं लहान मूल दवाखान्यात होतं आणि त्याला ते सांगितलंच गेलं नव्हतं. फोन बंद करणं ही तिथं शिक्षा होती, समोरासमोर उलट बोलल्याची. रजिस्टरमध्ये त्याची नोंद नव्हती, डॉक्टरांना पत्ता नव्हता. मी विश्वस्त होते, मला त्यानं स्वतः सांगितलं होतं, आणि मी त्याचं सोडून दुसऱ्याचं ऐकलं.

त्यानंतर मी 2017 चा कायदा नीट वाचला. कलम 26 प्रमाणे रुग्णाला भेटायला आलेल्यांना भेटण्याचा, ठरलेल्या वाजवी वेळेत फोन करण्याचा आणि घेण्याचा हक्क आहे. कलम 20 मध्ये जे आहे, ते तर प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावावं असं आहे: स्वच्छ आणि सुरक्षित जागा, खासगीपणा, स्वतःचे कपडे घालण्याची मुभा, गणवेशाची सक्ती नाही, सक्तीनं मुंडण नाही, सक्तीनं काम नाही आणि काम करून घेतलं तर योग्य मोबदला, शारीरिक, शाब्दिक, मानसिक आणि लैंगिक छळापासून संरक्षण. साखळीनं बांधणं कोणत्याही कारणासाठी, कुठल्याही प्रकारे चालत नाही.

सक्तीच्या कामाचा मुद्दा आपल्याकडे नाजूक आहे. पोळ्या लाटणं, आवार झाडणं हा उपचाराचाच भाग मानतात आणि त्यात तथ्यही आहे. ज्याच्या हातून वर्षानुवर्षं काही पूर्ण झालं नाही, त्याला वीस माणसांचं जेवण वेळेवर झालेलं पाहून उभारी येते. मी फक्त एकच विचारते: आज नको म्हणाला तर त्याचं काय होतं? उत्तर "काही नाही, उद्या करतो" असेल तर ठीक. उत्तरच येत नसेल तर तिथं थांबून आणखी विचारायचं.

भरतीचे नियमही समजून घ्या, कारण घरच्यांचा सगळा दबाव इथंच येतो. "गाडी पाठवा आणि उचलून न्या" असा फोन आठवड्यात एकदा तरी येतो. स्वतःहून दाखल झालेला माणूस जातो म्हणाला तर त्याला सोडावं लागतं. काही ठरावीक कारणं असतील तर मानसिक आरोग्य तज्ज्ञ तपासणीसाठी त्याला फार तर 24 तास थांबवू शकतो. स्वतःचा निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसलेल्याला त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे कायद्यानं त्याच्या वतीनं बोलणाऱ्या माणसाच्या, विनंतीवरून दाखल करता येतं, पण त्याआधी दोन तज्ज्ञांनी, ज्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं. ही भरती 30 दिवसांपर्यंतची असते आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला ठरलेल्या दिवसांत कळवावी लागते. आईबापांचं दुःख मला कळतं. दारात येऊन रडणाऱ्या आईला नाही म्हणताना घशात आवंढा येतो. तरी गाडी पाठवायची नाही.

वैद्यकीय बाजू विश्वस्ताला कितपत कळावी? इतकी तरी हवीच: रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, भास, ताप, थरथर सुरू होऊन जीव जाऊ शकतो. म्हणजे "चार दिवस कोंडून ठेवला की आपोआप उतरते" हे जीवघेणं अज्ञान आहे. भरतीच्या दिवशी डॉक्टरांची तपासणी, थायमिन (बी1 जीवनसत्त्व), रात्रीची देखरेख, आणि छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, म्हणजे आपल्या सिव्हिलला, हलवायची ठरलेली सोय या चार गोष्टी लेखी आहेत का, ते तपासा. शहराच्या पूर्व भागातून येणाऱ्यांत ताडी पिणारे असतात. ताडीत क्लोरल हायड्रेट किंवा झोपेच्या गोळ्यांची भेसळ असेल तर ती सोडतानाही झटके येतात, आणि "फक्त ताडी पितो हो, दारू नाही" असं घरचे सांगतात तेव्हा भरती करणारा निर्धास्त होतो. भरतीच्या फॉर्मवर ताडीचा वेगळा रकाना आहे का, ते बघा. 2023 च्या ऑक्टोबरात चिंचोळी एमआयडीसीत मेफेड्रोन, म्हणजे एमडी हा अमली पदार्थ, बनवणारा कारखाना पोलिसांनी पकडला, तेव्हापासून एमडी हा शब्द शहरात सगळ्यांच्या तोंडी आहे. एमडी घेणाऱ्या पोराला संशयानं, भासांनी पछाडलेलं असू शकतं. फक्त दारूवर काम केलेला समुपदेशक तिथं अपुरा पडतो. आपल्या केंद्राला जे पेलवत नाही, त्याला भरती न करता योग्य ठिकाणी पाठवायचं हे धोरण मंडळानंच ठरवायचं असतं.

आणि गुप्तता. सोलापूर मोठं शहर आहे, पण ओळखीपुरतं लहान. केंद्रात तुम्हाला शेजारी भेटेल, भाच्याचा मित्र भेटेल. ओळख दाखवायची की नाही हे त्याला ठरवू द्या. घरी येऊन नाव काढायचं नाही, नवऱ्याजवळही नाही. धनादेश देताना मागं रुग्ण उभे करून फोटो काढायचे नाहीत. मी एकदा असा फोटो छापायचा थांबवला तेव्हा देणगीदार रुसले. पुढच्या वर्षी तेच परत आले.

बैठकीत कुठं बसायचं आणि काय विचारायचं

बहुतेक मंडळांच्या विषयपत्रिकेत पहिला विषय मागील इतिवृत्त कायम करणे, दुसरा जमाखर्च, मग इमारत, मग वर्धापन दिन. रुग्ण येतो "ऐनवेळचे विषय" यात, तोही चहा आल्यावर. हा क्रम बदलून घेणं हे नव्या विश्वस्ताला सहा महिन्यांत जमण्यासारखं काम आहे. आमच्याकडे मी सचिव झाल्यावर इतिवृत्तानंतरचा पहिला विषय कायमचा ठरवून टाकला: मागच्या बैठकीपासून केंद्रात काय काय घडलं. कुणाला सिव्हिलला हलवलं, कोण निघून गेलं, कुणी कुणावर हात उचलला, किती तक्रारी आल्या आणि त्यांचं काय झालं, कोणता कर्मचारी सोडून गेला आणि का. नावं नाहीत, फक्त घटना. सुरुवातीला व्यवस्थापक दर वेळी "काही नाही" म्हणायचे. तीस माणसं दारू सोडतायत आणि तीन महिन्यांत काही घडलं नाही, असं होत नाही. सलग दोनदा "काही नाही" आलं तर समजा, नोंद होत नाही.

कर्मचाऱ्यांचं सोडून जाणं बारकाईनं पाहा. वॉर्डवर काम करणारी मुलं सहसा स्वतः बरी झालेली असतात, पगार तुटपुंजा असतो, ड्युट्या लांब. त्यातला एखादा चांगला मुलगा अचानक गेला तर त्याला चहाला बोलवा. आतलं खरं काय ते मला अशाच मुलांकडून कळत आलं आहे.

इतिवृत्त म्हणजे प्रोसिडिंग बुक. ठरावाला सूचक आणि अनुमोदक लिहा, विरोध असेल तर तोही लिहा. तुम्हाला एखादी गोष्ट पटली नाही आणि बहुमतानं झाली, तर "माझा विरोध नोंदवावा" असं शांतपणे म्हणा. पुढं चौकशी झाली तर कुणी काय म्हणालं हे आठवणीवर ठरत नाही, वहीवर ठरतं. कोरम नसताना घेतलेल्या बैठकीच्या वहीवर नंतर घरोघरी फिरून सह्या घेण्याची जी पद्धत आहे, तिला हात लावू नका. कुणी कितीही वडीलधारं असलं तरी.

विश्वस्तानं केंद्र चालवायला मात्र घ्यायचं नाही. कुणाला कोणती गोळी, कुणाला कधी सोडायचं, हे डॉक्टर आणि समुपदेशकांचं. मंडळावर आलेली उत्साही माणसं कौन्सेलिंगच्या खोलीत जाऊन उपदेश करू लागतात, तेव्हा कर्मचारी तोंड बंद करून बसतात. तक्रार आली तर मंडळात आणा, व्यवस्थापकाला लेखी विचारा, उत्तर घ्या.

पैसा

माझी उमेदीची वर्षं बँकेत गेली, तरी या भागाबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण पैशाचे नियम सांगणारे सी.ए. मिळतात.

हिशेब 31 मार्चला बंद होतात आणि त्यानंतर सहा महिन्यांत ऑडिट झालं पाहिजे. अहवालात ताळेबंदाआधी सी.ए.नं भरलेली एक प्रश्नावली असते. विश्वस्त ती उलटून थेट आकड्यांवर जातात. उलट करा. रोख शिल्लक आणि व्हाउचर हिशेबाशी जुळतात का, वर्षाहून जुनी येणी आहेत का, 5,000 रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला निविदा मागवल्या का, बैठका नियमित झाल्या का, इतिवृत्त ठेवलंय का, विश्वस्तापैकी कुणी संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का, मागच्या वर्षीच्या त्रुटी दूर झाल्या का. सगळ्यांपुढं "हो" आणि "नाही" पटापट भरलेलं असेल तर सी.ए.ना बैठकीला बोलवा आणि एकेक ओळ विचारा.

व्यसनमुक्ती केंद्रात गळती बहुधा फीच्या रोख रकमेत असते. घरचे घाईत असतात, लाजेनं पावती मागत नाहीत, "कुणाला कळू देऊ नका" म्हणून नाव वेगळं सांगतात. म्हणून दोन रजिस्टरं शेजारी ठेवा: त्या महिन्यात भरती किती आणि फीच्या पावत्या किती. फी माफ केलेले किती, कुणी माफ केली, त्याची नोंद हवी. हे जुळवायला अर्धा तास लागतो. फीचा दर भिंतीवर लावा आणि पावती दिल्याशिवाय पैसा घ्यायचा नाही असं ठरवा. ज्या बाईनं विड्या वळून ते पैसे आणले आहेत, तिला एका हजार विड्यांमागं काय मिळतं ते विचारून बघा. पावतीचं महत्त्व लगेच कळतं.

संस्थेची स्थावर मिळकत विकणं, इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यानं देणं यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. कर्ज काढायचं तर आधी धर्मादाय कार्यालयाचे नियम तपासा. "आधी करू, मग परवानगी घेऊ" असं धरून चालायचं नाही. देणगीदाराला आयकरात सवलत हवी असेल तर 2,000 रुपयांवरची देणगी रोखीत घेऊन उपयोग नाही. आयकराच्या नोंदण्या मुदतीच्या असतात, तारखा एका कागदावर लिहून खजिनदाराच्या टेबलावर लावा. कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक जबाबदारीसाठीचा पैसा, हवा तर आधी सीएसआर-1 अर्ज भरून नोंदणी करावी लागते. परदेशातल्या देणगीचा तर एफसीआरए (परदेशी देणगीचा कायदा) नोंदणीशिवाय एक रुपयाही घ्यायचा नाही, मग तो अमेरिकेतल्या सख्ख्या भाच्यानं तिथल्या मित्रांकडून गोळा केलेला का असेना. अनुदानावर चालणारं केंद्र असेल तर अनुदान उशिरा येईल असं धरूनच चाला आणि तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम बाजूला ठेवा. पगार थकला की चांगली माणसं आधी जातात, आणि त्याची झळ वॉर्डात पोचते.

मंडळावर कोण हवं

डॉक्टर, वकील, सी.ए. हवेतच. पण सोलापुरातल्या मंडळाकडे पाहताना मी आधी विचारते, तेलुगू कुणाला येतं? कन्ना चौकापासून अक्कलकोट रोडपर्यंतच्या पूर्व भागातून येणाऱ्या किती तरी घरांत आई आणि बायको मोकळेपणानं बोलतात ती तेलुगूत. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या कन्नडमध्ये, आणखी कुणी उर्दूत. मराठीत विचारलं की "बरं हाय" एवढंच उत्तर मिळतं. आमच्या मंडळावर एक पद्मशाली समाजातल्या बाई आल्या, स्वतः व्यसनी नवऱ्याशी वीस वर्षं झगडलेल्या. त्यांनी पहिल्या महिन्यात जेवढं ऐकून आणलं, तेवढं आम्हाला आधीच्या तीन वर्षांत कळलं नव्हतं. तांड्यांवरचं कुणी मंडळावर असेल तर आणखी चांगलं. 2021 मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी, तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना, 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू करून मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणच्या हातभट्टीवाल्या कुटुंबांना दुसऱ्या कामधंद्याकडं वळवायला घेतलं. दारू गाळणाऱ्यांसाठी कुणीतरी असं पाऊल उचललं, पण पिणाऱ्याची दारू त्यामुळं आपोआप सुटत नाही. त्या गावांपर्यंत केंद्राचा माणूस पोचतो का, हे मंडळानं विचारायला हवं.

बरी झालेली माणसं मंडळावर असायलाच हवीत, आणि एकाहून जास्त. एकच असला की तो शोभेचा होतो. त्याला प्रत्येक कार्यक्रमात आपली कहाणी सांगायला उभं करायचं नाही. तो विश्वस्त आहे, त्याला ऑडिटवरही मत आहे. त्यातला एखादा पुन्हा प्यायला लागला तर काय, हे आधीच, सगळे शांत असताना ठरवा. आमचा नियम असा: त्यानं स्वतः सांगितलं तर रजा, सही थांबते, उपचार, आणि ठरलेल्या काळानंतर परत येण्याचा रस्ता मोकळा. पण आपल्याच केंद्रात भरती नाही, दुसरीकडं. एकदा ही वेळ आली. तो गडी रात्री दहाला माझ्या दारात आला आणि म्हणाला, "अक्का, चुकलंय." नियम लिहिलेला होता म्हणून मला त्याच्याशी फक्त माणूस म्हणून बोलता आलं.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका तुमच्या सभागृहात होत असतील तर एवढं ध्यानात ठेवा की ती तुमची शाखा नव्हे. ही चळवळ 1935 साली अमेरिकेत सुरू झाली, ती बाहेरून देणगी घेत नाही आणि मालमत्ता बाळगत नाही. त्यांचे सभासद किती आले, कोण आले, हे तुमच्या वार्षिक अहवालात लिहायचं नाही. जागा द्या, ठरलेलं भाडं घ्या, दार बंद करून या.

आणि केंद्रात वाईट काही घडलं तर

असं काही घडलंच, एखादा मृत्यू झाला, तर पहिल्या तासात या क्रमानं: डॉक्टर, घरचे, पोलीस, अध्यक्ष. घरच्यांना फोन करणारा माणूस मंडळातला असावा, नोकर नव्हे. रजिस्टरमधलं एक अक्षरही त्यानंतर बदलायचं नाही, रिकामी जागा भरायची नाही. सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवायचं. दोन दिवसांत मंडळाची तातडीची बैठक, आणि त्या बैठकीत पहिला प्रश्न "बातमी कशी थांबवायची" हा नसावा. हे मी कठोरपणे लिहिते आहे, कारण अशा वेळी भली माणसंही आधी संस्थेचं नाव वाचवायला धावतात. त्या रात्री ड्युटीवर असलेल्या मुलाकडंही कुणीतरी बघायला हवं. तो स्वतः दोन-तीन वर्षांपूर्वी सावरलेला असतो आणि अशा रात्रीनंतर तो पुन्हा पिण्याचा धोका फार मोठा असतो.

कॅलेंडरवर काही तारखा लाल करून ठेवा: 31 डिसेंबर, लगेच जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, शिमगा, आखाड. या यात्रेत अख्खं शहर रस्त्यावर असतं, घरी गेलेले रुग्ण मित्रांना भेटतात. या दिवसांत फॉलो-अपचे फोन वाढवायला आणि रात्रीचा एक जादा माणूस ठेवायला खर्च मंजूर करून ठेवणं मंडळाच्या हातात आहे. केंद्राच्या दारावर 14446 ही नशामुक्तीची आणि 14416 ही टेलिमानसची मोफत हेल्पलाइन लिहिलेली असू द्या, तुमच्याकडं जागा नसेल तेव्हा माणूस रिकाम्या हातानं परत जाऊ नये.

सोडताना

मुदत संपली की थांबा. घटनेत मुदत नसेल तर तशी दुरुस्ती सुचवा. पंधरा-वीस वर्षं तेच सात जण असले की व्यवस्थापकाला कुणाला काय सांगायचं ते पाठ होतं, आणि आतल्या माणसाला कुणाला सांगून उपयोग नाही तेही.

राजीनामा लेखी द्या, तारखेसह, पोच घ्या. तो ठरावानं मंजूर झाल्याची नोंद पाहा. चेंज रिपोर्ट 90 दिवसांत गेला का ते स्वतः विचारा, नाहीतर उताऱ्यावर तुमचं नाव राहतं आणि तुम्ही नसताना झालेल्या गोष्टींची नोटीस तुम्हाला येते. बँकेतली सही काढून घ्या, डिजिटल सहीची किल्ली परत करा, कपाटाच्या चाव्या मोजून द्या. देणगीदारांच्या ओळखी आणि सिव्हिलमधल्या ज्या सिस्टर रात्री फोन उचलतात त्यांचे नंबर नव्या माणसाला प्रत्यक्ष भेट घालून द्या, कागदावर नव्हे. केंद्रात एकदा जाऊन या, संध्याकाळी सातला, आणि तुमच्या जागी आलेल्याला बरोबर न्या.

प्रोसिडिंग बुकात तुमच्या शेवटच्या बैठकीखाली जी कोरी जागा उरेल, तिच्यावर तिरपी रेघ मारून सही करा, म्हणजे तिथं नंतर कुणाला काही लिहिता येणार नाही.